महोत्सव पाहण्याची दशावतारी रीत
कलामहोत्सव हा नाटकाच्या प्रयोगासारखा एका पडद्याने उघडत नाही आणि एका पडद्याने मिटतही नाही. मुंबईत १९९९ साली सुरू झालेला आणि साधारणतः फेब्रुवारीत नऊ दिवस चालणारा काळा घोडा कला महोत्सव घेतला, तर रस्त्यावरची मांडणशिल्पे, सभागृहातील नृत्य, ग्रंथालयाच्या बागेतील चर्चा आणि मुलांच्या कार्यशाळा एकाच वेळी चालू असतात, त्यामुळे सर्व काही पाहणे कोणालाही शक्य नसते. तरीही डोंबिवलीजवळच्या ज्या कोपर स्थानकावर केवळ धीम्या गाड्या थांबतात तेथून तासाहून अधिक प्रवास करून येणारा प्रेक्षक हाती वेळापत्रक घेऊनच उतरतो. प्रवेश विनामूल्य असल्यामुळे पैसे वसूल करण्याचा प्रश्न नसतो, परंतु प्रवास वसूल करण्याची ओढ त्याहून प्रबळ ठरते आणि पाहण्याचे काम हजेरी लावण्याच्या कामात बदलून जाते.

या अडचणीवर उपयोगी पडू शकणारा एक विचार उत्स्फूर्त नाट्यातून, म्हणजे संहितेवाचून प्रेक्षकांसमोर तिथल्या तिथे रचल्या जाणाऱ्या विनोदी प्रयोगांतून मिळतो. ज्याला आज इंग्रजी धाटणीने ‘इम्प्रोव्ह’ म्हटले जाते, त्या प्रकाराची पायाभरणी व्हायोला स्पोलिन यांनी शिकागोत मुलांसाठी रचलेल्या नाट्यखेळांतून झाली. त्यांचे या विषयावरील पुस्तक १९६३ साली प्रसिद्ध झाले, तर ब्रिटनमध्ये जन्मलेले आणि पुढे कॅनडात स्थायिक झालेले कीथ जॉन्स्टन यांनी १९७९ सालच्या आपल्या पुस्तकात त्याचे मर्म वेगळ्या अंगाने मांडले. या कलेचा सर्वांत परिचित नियम ‘हो, आणि’ असा सांगितला जातो: सहकलाकाराने जे पुढे केले ते मान्य करावे आणि त्यात आपली भर घालावी. एका नटाने ‘आज गाडी रद्द आहे, कोपरच्या फलाटाला होडी लागली आहे’ असे म्हटल्यावर दुसऱ्याने ‘इथे पाणी कुठे आहे?’ असे विचारले, तर खेळ तिथेच खुंटतो. त्याऐवजी तो ‘हो, आणि होडीतही डोंबिवलीकर दार अडवून उभे आहेत’ असे म्हणाला, तर पुढच्या दहा मिनिटांची सोय होते.

हा नियम शिकागोहून आणावा लागावा असे मात्र नाही. सिंधुदुर्ग आणि गोवा या भागांतील दशावतारात लिखित संवाद नसतात. आख्यान कोणते करायचे आणि कोणी कोणते सोंग घ्यायचे हे ठरल्यावर नट पुराणकथेच्या ज्ञानावर, पखवाज-झांजेच्या साथीवर आणि समोरच्याच्या शब्दावर विसंबून रात्रभर बोलत राहतात. राजाने रंगाच्या भरात एखादी अनपेक्षित प्रतिज्ञा केली, तर मंत्र्याला ती निभावून न्यावी लागते, कारण रंगमंचावर उच्चारलेला शब्द परत घेता येत नाही. आख्यानापूर्वीच्या ‘आड दशावतारा’त वेद पळवणारा संकासुर येतो, तो मालवणीत बोलतो, समोर बसलेल्या गावकऱ्यांना आणि त्या दिवसाच्या घडामोडींना संवादात ओढतो, आणि प्रेक्षकांतून आलेला टोमणा हा त्याच्यासाठी व्यत्यय नसून आयता मिळालेला कच्चा माल असतो. तमाशातील सोंगाड्याचे कामही याच जातीचे. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यात दादा कोंडके ताज्या बातम्यांवरून घालत असलेली भर हा त्या प्रयोगांच्या लोकप्रियतेचा मोठा आधार होता. कोपर-डोंबिवली पट्ट्यात कोकणातून आलेल्या कुटुंबांची वस्ती मोठी असल्यामुळे येथील अनेक प्रेक्षकांच्या कानावर ही रीत लहानपणापासून पडलेली असते, आणि तरीही महोत्सवात शिरताना ते ती चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतात, हे नवलाचे आहे.

प्रेक्षकाने ‘हो, आणि’चा नियम पाळायचा म्हणजे आधी ‘अडवणे’, म्हणजे समोर आलेली गोष्ट नाकारणे, थांबवायचे. सभागृह भरले, तर वेळापत्रक कोलमडले असे न मानता बाहेरच्या रांगेत उभ्या असलेल्या अनोळखी माणसाने सुचवलेल्या दालनाकडे वळणे, किंवा न समजलेल्या मांडणशिल्पासमोर ‘यात काय कला आहे?’ असे म्हणण्याआधी ते कशाचे बनले आहे आणि कोणत्या बाजूने पाहायचे आहे एवढे तपासणे, हे ‘हो’ म्हणणे झाले. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण या नियमाच्या उत्साही प्रचारकांनीच तो पसरवला आहे: मान्य करणे म्हणजे वाखाणणे नव्हे. उत्स्फूर्त नाट्यातही प्रसंग रेंगाळला की दुसरा नट पुढे येऊन तो संपवतो. म्हणून कंटाळवाणा कार्यक्रम मध्यंतरात सोडणाऱ्या प्रेक्षकाने नियम मोडला असे होत नाही. उलट शेवटपर्यंत बसून नंतर कुरकुरणाऱ्यानेच तो मोडलेला असतो.

नियमातील ‘आणि’साठी जॉन्स्टन यांची एक कल्पना उपयोगी पडते, ती पुनर्योजनाची, म्हणजे आधी येऊन गेलेली गोष्ट पुढे पुन्हा उपयोगात आणण्याची आहे. त्यांच्या मते कथाकार उलट्या पावलांनी चालणाऱ्या माणसासारखा असतो, ज्याला पुढचा रस्ता नव्हे तर मागे पडलेला दिसतो. काळा घोडा या नावातच त्याचे उदाहरण आहे. युवराजपदी असलेल्या सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली महोत्सवाच्या या परिसरातून हलवून भायखळ्याला नेण्यात आला, तरी नाव जागेला चिकटून राहिले आणि २०१७ साली तेथे घोडा परत आला तो स्वारावाचून. हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला महोत्सवात कोठेही दिसलेला घोडा मागच्या घोड्यांशी जोडता येतो. कोपरहून उलट दिशेला, अवघ्या सहाव्या स्थानकावर असलेल्या अंबरनाथलाही कलामहोत्सव भरतो, आणि तेथील शके ९८२ (इ. स. १०६०) चा शिलालेख असलेले शिलाहारकालीन शिवमंदिर शेजारीच असल्यामुळे व्यासपीठावर पाहिलेली नृत्यमुद्रा पाठोपाठ भिंतीवरच्या मूर्तीत शोधता येते, या जोडणीची सूचना कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेत छापलेली नसते.

दशावतारात नट आणि प्रेक्षक यांच्यातील देवघेव पहाटे उघड होते. आख्यान संपल्यावर दहीकाला होतो, हंडी फुटते आणि रात्रभर समोर बसलेली माणसे प्रसादासाठी ओंजळ पुढे करून नटांच्या इतक्या जवळ येतात की नटांच्या तोंडावरचा रंग त्यांच्या सदऱ्यालाही लागतो.