मनाचें दुखणें आणि घरची भाषा

विजापूर रस्त्याच्या अंगास जुळे सोलापूर ही जी आमची नवी वसाहत वाढली आहे, तेथील एखाद्या इमारतीच्या जिन्यांत संध्याकाळीं पांच मिनिटें उभें राहिल्यास चार भाषा कानीं पडतात. पहिल्या मजल्यावर मराठी, दुसऱ्यावर कानडी. समोरचें पद्मशाली कुटुंब पूर्व भागांतून इकडे राहावयास आलेलें, तें आपसांत तेलुगु बोलतें. आणि खालीं दुकानाच्या ओट्यावर दखनी उर्दू चाललेली असते. बाजारहाटाला, शाळेला, कचेरीला या चारही घरांना मराठी पुरते. परंतु झोप उडाली, जगण्याचा वीट आला, म्हणजे ती पुरतेच असें नाहीं. मानसोपचार करणाराला या गोष्टीचें भान असलें तर काय होतें आणि नसलें तर काय होतें, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

'बेजार' हा एकच शब्द घ्या. हा मूळचा फारशी. मराठी माणूस "मी बेजार झालों" असें म्हणतो, तेव्हां तो त्रासून टेकीस आलेला असतो. मुलांनीं, उन्हानें किंवा सावकारानें त्याला बेजार केलेलें असतें. कानडी घरांतील स्त्री 'बेजारु' म्हणते, तेव्हां तिला त्रास देणारें कोणी असेलच असें नाहीं. तिला उदास वाटतें, कशांत मन रमत नाहीं, किंवा कोणाच्या बोलण्यानें ती दुखावलेली असते. उर्दू बोलणारा बेजार असला, तर त्या वस्तूवरून त्याचें मनच उडालेलें असतें. आतां कल्पना करा कीं, ही कानडी स्त्री मराठी समुपदेशकापुढें बसली आहे आणि जमेल तशा मराठींत सांगते आहे, "मला फार बेजार झालंय." समुपदेशक आस्थेनें विचारतो, "कोण बेजार करतंय? सासूबाई का?" प्रश्न सद्भावनेचाच, पण तेवढ्यानें संभाषण सासूकडे वळतें, आणि जी खिन्नता तिला तीन महिने अंथरुणांतून उठूं देत नव्हती, ती तशीच मागें राहते. दोघांनाहि शब्द ठाऊक होता, आणि ठाऊक होता म्हणूनच घोटाळा झाला. त्या मानानें तेलुगूंतील 'दिगुलु' हा शब्द बरा! काळजी आणि खिन्नता दोन्ही त्यांत एकवटलेल्या आहेत; परंतु मराठी माणसास तो मुळींच कळत नाहीं, आणि म्हणून तो अर्थ विचारतो.

दुसरी अडचण शरीराची. आपल्याकडे मन दुखतें असें सहसा कोणी सांगत नाहीं; डोकें जड होतें, छातींत धडधडतें, जीव घाबरा होतो. यावरून पौर्वात्य माणसास स्वतःच्या भावना ओळखतांच येत नाहींत, असें म्हणणारे पंडित एके काळीं पुष्कळ होते. बंगळूर येथील रुग्णांविषयीं डॉ. रघुराम, डॉ. मिचेल वाइस व त्यांचे सहकारी यांनीं १९९६ सालीं जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यानें या समजुतीला चांगलाच धक्का दिला. ज्या रुग्णांत खिन्नतेचीं लक्षणें अधिक, त्यांना लोकनिंदेची धास्ती अधिक. आणि ज्यांचीं शारीरिक लक्षणें अधिक, त्यांना ती कमी, असें त्यांना आढळून आलें. त्याचें कारण साधें आहे. डोकें सर्वांचेंच दुखतें, तेवढ्यावरून कोणाचें लग्न मोडत नाहीं. उदासपणाची वार्ता बाहेर फुटली तर मोडूं शकतें. म्हणजे रुग्णास आपली भावना कळत होती, आणि ती कोठें बोलूं नये हेंहि कळत होतें. डोकेदुखीची गोळी देऊन ज्यानें त्याची बोळवण केली, त्या डॉक्टराला पुढची हकीकत कधींच ऐकावयास मिळाली नाहीं.

आतां कुटुंबाकडे वळूं. अमेरिकेंत आल्बर्ट एलिस यांनीं १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धति मांडली, ती किशोर फडके यांनीं १९६८ पासून एलिसांशीं दीर्घ पत्रव्यवहार करून आत्मसात् केली व मराठी वाचकांपर्यंत आणली. आपण आपल्या इच्छांचे हट्ट करतों आणि मग दुःखी होतों, हें तिचें एक मुख्य सूत्र. मराठींत हा फरक दाखविण्यास एक अक्षर पुरतें. "मला यश मिळावें" ही इच्छा. "मिळालेंच पाहिजे" हा हट्ट. येथवर सारें ठीक आहे. पण समजा, यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या बापाचा मुलगा पुण्यास संगणकाच्या नोकरींत आहे, बाप सोलापूर सोडावयास तयार नाहीं, आणि मुलाला रात्र रात्र झोप नाहीं. तो म्हणतो, "बाबांना मींच सांभाळलें पाहिजे." हा 'च' त्याच जातीचा काय? माझ्या मतें नाहीं. निदान सगळा नाहीं. त्यांत धास्ती आहे, लोक काय म्हणतील ही चिंता आहे, परंतु जें टाकून दिल्यास तो स्वतःच्याच नजरेंतून उतरेल असेंहि कांहीं आहे. "तुमचें आयुष्य तुमचें आहे" असें त्याला ऐकविलें, तर तो मान डोलावील आणि पुन्हां येणार नाहीं. त्यांतलें ओझें कोणतें आणि सोडवत नाहीं असें काय, हें त्याच्याच तोंडून वेगळें करून घ्यावें लागतें. कधीं कधीं बहिणीला किंवा चुलत्याला बोलावून घेतल्यानें जें होतें, तें एकट्याशीं दहा बैठका करून होत नाहीं. रुग्ण उपचारकाकडे गुरूच्या नात्यानें पाहतो व सल्ल्याची अपेक्षा ठेवतो, हें ओळखून डॉ. जसवंतसिंग नेकी यांनीं १९७३ सालीं गुरुशिष्य-नात्याचा उपचाराच्या अंगानें विचार मांडला होता. अशा माणसापुढें उपचारक नुसता स्तब्ध बसला, तर तें त्याला तटस्थपणाचें नव्हे, बेपर्वाईचें लक्षण वाटतें.

मात्र संस्कृतीचा आदर म्हणजे "तुमच्या समाजांत असें चालतेंच" असें मार खाणाऱ्या स्त्रीला सांगणें नव्हे. अमुक जातीचे लोक असे, तमुक भाषेचे तसे, अशी यादी पाठ करणें हेंहि नव्हे. ती यादी म्हणजे शिकलेल्या माणसाचा पूर्वग्रह. मेलनी टर्व्हेलॉन व जॅन मरे-गार्सिया या दोन अमेरिकन डॉक्टर स्त्रियांनीं १९९८ सालीं सुचविलें कीं, परक्या संस्कृतींत पारंगत झाल्याचा दावा सोडावा आणि नम्रता धरावी. मला तें पटतें.

सोलापुराहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर गाणगापूर रोड हें स्थानक आहे. भीमा-अमरजा संगमाजवळच्या त्या दत्तक्षेत्रीं बाधा झाली असें समजून माणसांना पिढ्यान् पिढ्या नेलें जात आहे. समुपदेशकाकडे आलेलें कुटुंब तेथें जाऊन आलेलें असतें, पण हंसें होईल म्हणून तें बोलत नाहीं. आणि मध्येंच औषध कां सुटलें, याचा उलगडा होत नाहीं. गुजराथेंत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यांत २००८ पासून दुआ आणि दवा एकाच आवारांत देण्याचा प्रयोग चालू झाला, तो याच अडचणींतून. उलट बाजूस तामिळनाडूंतील एरवाडीची गोष्ट विसरतां येत नाहीं: तेथें २००१ सालीं आग लागली आणि सांखळीनें जखडलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. तेव्हां नवसाविषयीं सहज, न हंसतां विचारावें. पण भूत उतरविण्याच्या नांवाखालीं मारहाण किंवा सांखळी असेल, तर महाराष्ट्रांत २०१३ च्या कायद्यानें तो गुन्हा आहे, हें स्पष्ट सांगावें.

राहतां राहिला दुभाषी. समजा, पूर्व भागांतील सत्तरीच्या एका आजीनें जन्मभर बिड्या वळल्या. तेलुगूवांचून तिला मन मोकळें करतां येत नाहीं. बरोबर आलेला शाळकरी नातू हाच दुभाषी. डॉक्टर विचारतात, "मरणाचे विचार मनांत येतात का?" नातू घुटमळतो, आणि आजीला तेलुगूंत विचारतो, "जेवण जातं का?" त्याला दोष कसा द्यावा? आणि प्रश्न बरोबर विचारला असता, तरी आजीनें नातवाला खरें उत्तर दिलें असतें काय? मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यानें धर्म, संस्कृति, जात अशा कोणत्याहि कारणावरून उपचारांत भेद करण्यास मनाई केली आहे; पण दुभाष्याची सोय प्रत्येक दवाखान्यांत कोठून असणार? १४४१६ हा सरकारी 'टेलि-मानस'चा दूरध्वनि-क्रमांक २०२२ च्या ऑक्टोबरांत सुरू झाला. त्यावर वीस भाषांत विनामूल्य बोलतां येतें, आणि त्यांत तेलुगु, कानडी, उर्दू या आमच्या जिन्यांतल्या भाषा आहेत. तो क्रमांक लावून फोन आजीच्या हातीं द्यावा, आणि नातवानें थोडा वेळ बाहेर जाऊन बसावें.