ट्रंक जोडणीवरील व्हीलॅन छाटणी : स्वरूप आणि पडताळणी

बीजसंज्ञा : व्हीलॅन, ट्रंक, प्रूनिंग, स्पॅनिंग ट्री, पडताळणी

प्रस्तावना :

एका स्विचचे अनेक तार्किक भाग पाडून प्रत्येक भागास स्वतंत्र जाळ्याचे स्वरूप देणे, ही व्हीलॅनची मूळ संकल्पना होय. अशा अनेक व्हीलॅनची वाहतूक दोन स्विचमधील ज्या एका जोडणीवरून होते, तिला ट्रंक म्हणतात. आयट्रिपलई ८०२.१क्यू या मानकात व्हीलॅन क्रमांकासाठी १२ बिट राखलेले असून १ ते ४०९४ हे क्रमांक वापरता येतात. सिस्को स्विचवर ट्रंक मुळात सर्व व्हीलॅनना खुली असते. परिणामी एखाद्या व्हीलॅनचा एकही संगणक ज्या स्विचवर नाही, तेथेही त्याचे ब्रॉडकास्ट पोहोचतात. ही निरर्थक वाहतूक रोखणे म्हणजे प्रूनिंग, अर्थात छाटणी. ती प्रत्यक्षात झाली आहे का, हे कसे पडताळावे याचे विवेचन प्रस्तुत लेखात सिस्को स्विचच्या संदर्भात केले आहे.

छाटणीचे प्रकार :

पहिल्या प्रकारात प्रशासक ट्रंकवरील अनुमत व्हीलॅनची यादी स्वतः ठरवितो. दुसरा प्रकार व्हीटीपीद्वारे आपोआप घडतो. यात प्रत्येक स्विच आपणास कोणते व्हीलॅन हवेत हे शेजारच्या स्विचला कळवितो व मागणी नसलेली वाहतूक शेजारी थांबवितो. मुळात २ ते १००१ हेच व्हीलॅन अशा छाटणीस पात्र असतात; व्हीलॅन १ त्यातून वगळलेला आहे. ट्रान्सपरंट अवस्थेतील स्विच या प्रक्रियेत सहभागी होत नाही.

पडताळणीची पद्धत :

'शो व्हीटीपी स्टेटस' ही आज्ञा छाटणीची सुविधा चालू आहे एवढेच सांगते. प्रत्यक्ष स्थितीसाठी 'शो इंटरफेसेस ट्रंक' ही आज्ञा द्यावी. ट्रंकच्या स्थितीनंतर तीत तीन याद्या येतात : अनुमत व्हीलॅन, अनुमत व सक्रिय व्हीलॅन, आणि स्पॅनिंग ट्रीने पुढे जाऊ दिलेले व न छाटलेले व्हीलॅन.

समजा, व्हीलॅन २० पहिल्या दोन याद्यांत आहे, परंतु तिसऱ्या यादीत नाही. यावरून तो छाटला गेला असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. स्पॅनिंग ट्रीने तो पोर्ट रोखला असल्यासही हेच चित्र दिसते. म्हणून 'शो इंटरफेसेस प्रूनिंग' ही आज्ञा देऊन, शेजाऱ्याच्या मागणीअभावी छाटलेल्या व्हीलॅनमध्ये २० आहे का, ते पाहावे. नसल्यास 'शो स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन २०' या आज्ञेने पोर्टची अवस्था तपासावी.

तपासणी ट्रंकच्या दोन्ही टोकांवर करावी. स्वयंचलित छाटणीत प्रत्येक टोक समोरच्याच्या मागणीनुसार वागते; त्यामुळे तिसऱ्या याद्या भिन्न असणे हा दोष नव्हे. हस्तकृत छाटणीत मात्र दोन्ही टोकांच्या अनुमत याद्या जुळल्याच पाहिजेत.

पर्यायी ट्रंकची तपासणी विशेष महत्त्वाची आहे. तिच्या अनुमत यादीतून आवश्यक व्हीलॅन चुकून वगळला गेला, तरी मुख्य जोडणी चालू असेपर्यंत ते लक्षात येत नाही. मुख्य जोडणी तुटताच तो विभाग जाळ्यापासून अलग पडतो. म्हणून पूर्वनियोजित वेळी मुख्य जोडणी बंद करून पर्यायी मार्गाची चाचणी घेणे इष्ट होय.

निष्कर्ष :

छाटणीची आज्ञा देणे आणि छाटणी होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तिन्ही याद्यांचे क्रमशः वाचन, वगळणुकीच्या कारणाचा शोध आणि दोन्ही टोकांची तुलना केल्यानंतरच छाटणी सिद्ध झाली असे म्हणता येईल.