विजेत्याने पुन्हा कासरा हाती धरावा का?

निवृत्त झालेल्या विजेत्याने पुन्हा शर्यतीत उतरावे का, हा प्रश्न केवळ फॉर्म्युला वनपुरता मर्यादित नाही. बारामती-इंदापूरच्या माळरानांवरील बैलगाडी शर्यतींतही तो तितकाच खरा आहे. मात्र, मायकेल शूमाकरने २००६ मध्ये निवृत्ती स्वतःहून पत्करली, तर आपल्याकडील गाडीवानांवर ती न्यायालयाच्या निर्णयाने आली. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी या शर्यतींवर बंदी घातली. १६ डिसेंबर २०२१ रोजी त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला.

मधल्या साडेसात वर्षांत गाडीवानाचे वय वाढले, पण त्याहून मोठा बदल बैलांत झाला. बैलाचे सर्व दात साधारण चार-पाच वर्षांत जुळतात आणि त्याच्या ऐन उमेदीचा काळ अल्प असतो. बंदीपूर्वी मैदान गाजविणारी जोडी पुनरागमनाच्या वेळी धावण्याजोगी उरलेलीच नव्हती. नियमही बदलले. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आवश्यक ठरली, धाव एक हजार मीटरपर्यंत मर्यादित झाली; चाबूक, काठी, टोचणी निषिद्ध झाली. ज्याचे कौशल्य चाबकावर अवलंबून होते, त्याचे निम्मे शस्त्र गेले. ज्याला जोडीचा स्वभाव आणि कासऱ्याचा ताण कळतो, त्याचे मात्र फारसे बिघडले नाही.

शूमाकरचा अनुभव हेच सांगतो. सात वेळा जगज्जेता ठरलेला हा चालक २०१० मध्ये, वयाच्या ४१व्या वर्षी परतला. तीन हंगामांत त्याला एकही विजय मिळाला नाही. २०१२ मध्ये व्हॅलेन्शियातील तिसरा क्रमांक हीच त्याची सर्वोत्तम कामगिरी. दरम्यान हंगामातील सराव चाचण्यांवर कडक निर्बंध आले होते आणि शर्यतीच्या मध्येच इंधन भरणे बंद झाले होते. ज्या व्यवस्थेत तो अजिंक्य होता, ती व्यवस्थाच राहिली नव्हती.

याउलट निकी लॉडा १९७९ मध्ये निवृत्त झाला. परतण्याचा निर्णय घेण्यापूर्वी त्याने मॅकलारेनची गाडी चालवून स्वतःला अजमावले. १९८२ मध्ये पुनरागमनानंतरच्या तिसऱ्याच शर्यतीत तो जिंकला आणि १९८४ मध्ये अवघ्या अर्ध्या गुणाने तिसऱ्यांदा जगज्जेता झाला.

तेव्हा पुनरागमन एकट्या माणसाचे नसते. वाहन किंवा जोडी, नियम आणि माणूस या तिघांचा मेळ पुन्हा बसावा लागतो. जुन्या गाडीवानाने आधी नव्या जोडीसोबत, चाबकाविना, गर्दीपासून दूर सराव करून पाहावा. नवशिक्या होण्याची तयारी असेल, तर त्याने अवश्य परतावे. केवळ जुन्या गुलालाची ओढ असेल, तर थांबलेले बरे. कारण भरधाव छकड्यावरून पडणाऱ्याला पूर्वीची कीर्ती सावरू शकत नाही. अशा वेळी त्याने आपली विद्या गावातील तरुणांच्या हाती द्यावी. तेही मैदानात परतणेच होय.