शॉकअपची नळी सांभाळा, सील आपोआप टिकेल

देवणीहून उदगीरला, किंवा हद्द ओलांडून भालकीकडे रोज मोटारसायकलने जाणारा माणूस वर्षभरात किती धूळ खातो हे त्याच्या कपड्यांवरून दिसते. गाडी किती धूळ खाते हे मात्र लवकर दिसत नाही. उन्हाळ्यात मुरमाचा बारीक चुरा, पावसाळ्यात चाकाला घट्ट धरणारी काळी माती. या दोन्हींचा पहिला मार समोरच्या शॉकअपवर बसतो. आमच्या भागात गॅरेज, पंक्चर, सायकल दुरुस्ती आणि सुट्या भागांच्या धंद्यात आपले पुष्कळ कारीगर आहेत. म्हणून आज या एकाच भागाविषयी थोडे सविस्तर लिहीत आहोत.

समोरच्या शॉकअपमध्ये वरची चकचकीत नळी खालच्या नळकांड्यात, म्हणजे बॉटम केसमध्ये, वरखाली सरकते. आत स्प्रिंग आणि ऑईल असते. ऑईल बाहेर येऊ नये म्हणून रबरी ऑईल सील आणि त्याच्या वर धूळ अडवणारे डस्ट सील. तेल भरलेल्या अशा शॉकअपचा वापर बीएमडब्ल्यू कंपनीने 1935 साली आपल्या मोटारसायकलींवर सुरू केला. डोंगरी सायकलींना तो बऱ्याच उशिरा, 1989 च्या सुमारास रॉकशॉक्स या अमेरिकन कंपनीमुळे मिळाला. गाडी लहान असो की मोठी, सगळा कारभार सीलच्या पातळ ओठावर चालतो. तो ओठ नळीवर सतत टेकलेला असतो. नळी गुळगुळीत आहे तोपर्यंतच तो शाबूत राहतो.

नळीवर क्रोमचा कडक मुलामा असतो. त्यावर ओरखडा पडला की कडेला धातूचा बारीक काटा उभा राहतो. डोळ्याला दिसत नाही, पण नख फिरवले तर अडकते. शॉकअप दबला की हाच काटा सीलचा ओठ कापतो. मग तेल पाझरते, तेलावर धूळ बसते, दोन्ही मिळून पॉलिश पेपरसारखे काम करतात आणि नुकसान दुप्पट वेगाने होते. ओघळ खाली उतरून डिस्कवर किंवा ब्रेकच्या पॅडवर गेला तर समोरचा ब्रेक धरत नाही. मागे बायको आणि पुढे टाकीवर लेकरू बसवून जाणाऱ्या माणसाच्या गाडीत हे झाले तर काय होईल, हे कारीगराला सांगायला नको.

ओरखडे येतात कुठून? रस्त्यावरच्या खड्यांमुळे येतात, पण त्याहून जास्त आपल्या हातांनी पडतात. टेम्पोत गाड्या चढवताना दोर थेट नळीला आवळतात. सायकली एकमेकींना टेकवून ठेवतात, मग एकीचे पॅडल दुसरीच्या नळीवर घासते. ब्रेकची किंवा मीटरची केबल क्लिपमधून निसटली तर ती महिनोन् महिने एकाच जागी घासत राहते. हँडलला अडकवलेल्या पिशवीतले लोखंड आदळते. पोटॅशसारख्या खताचे पोते पुढे ठेवून नेताना खत सांडले आणि धुतले नाही तर क्रोमखाली गंज धरतो. आणि गॅरेजमध्ये? नळी उघड्या वाईसमध्ये आवळणे, पाईप पान्याने फिरवणे, जुने सील पेचकसाने उचकटून काढणे. वाईसच्या जबड्यात लाकडाचे तुकडे किंवा जुन्या ट्यूबची घडी घालायला दोन मिनिटे लागतात.

जुन्या राजदूत आणि बुलेटच्या नळीवर पत्र्याचे झाकण असे. नंतरच्या हलक्या गाड्यांत नळी उघडी पडली. बजाजने 2019 साली सीटी 110 आणली तेव्हा खेड्यातले रस्ते ध्यानात घेऊन तिला घडीचे रबरी बूट दिले. असे बूट इतर गाड्यांनाही मापाप्रमाणे बसवता येतात आणि आमच्या मते देवणीसारख्या भागात ते बसवावेतच. पण बूट बसवला म्हणजे काम संपले असे नाही. खालून शिरलेली माती आत अडकते, पाणी साचते आणि नळी झाकलेल्या जागीच गंजते. हवेचे बारीक छिद्र बुजवू नये. दर सर्व्हिसिंगला बूट वर सरकवून पुसावे. काही जण जुनी ट्यूब कापून नळीवर घट्ट चढवतात. त्यात ओल कोंडते आणि शॉकअप दबताना ती अडते. त्यापेक्षा समोरचा मडगार्ड लांब करून घेतलेला बरा.

धुण्याचेही तंत्र आहे. फवारा मशीनचा जोर सीलवर धरू नये, पाणी मातीसह आत घुसते. रॉकेल, पेट्रोलने सील पुसू नये, रबर फुगते. गाडी धुतल्यावर मऊ ओल्या फडक्याने नळी पुसावी, मग कोरडी करावी. वाळलेला चिखल कोरड्या चिंधीने खरडू नये. वरून ग्रीस फासण्याची सवयही सोडावी, कारण त्यावर धूळ चिकटते.

तेल पाझरू लागले की लगेच नवे सील टाकण्याची घाई नको. पुष्कळदा ओठाखाली फक्त माती अडकलेली असते. जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी कापावी, कोपरे गोल करावेत, टोकाला लहान खाच द्यावी आणि डस्ट सील वर सरकवून ती सील व नळीच्या मधून हलकेच फिरवावी. माती निघते आणि बऱ्याच वेळा गळती थांबते. काट्यासाठी 1000 आणि नंतर 2000 नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर वापरावा. नळीच्या गोलाईनेच घासावे. उभे घासले तर तेलाला वाट मिळते. खोल खड्डा असेल तर एपॉक्सी भरून, सुकल्यावर सपाट करावे. गंजाने खळगे पडलेली नळी मात्र बदलावी किंवा पुन्हा क्रोम करून ग्राइंड करून घ्यावी. त्यावर नवे सील टाकणे म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे पाण्यात घालणे.

नवे सील चढवताना नळीच्या टोकावर तेल लावलेली प्लास्टिकची पिशवी गुंडाळावी, म्हणजे खाचेने ओठ फाटत नाही. ऑईल कंपनीच्या मापाने, दोन्ही बाजूंना सारखे भरावे. जास्त भरले तर आतला दाब वाढून तेच सील फुटते.

जुन्या गाड्यांच्या सौद्यात एक रीत पडली आहे. गिऱ्हाईक येण्याआधी नळीवरचे तेल पुसून टाकायचे आणि गाडी सावलीत उभी करायची. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतले ओले धान्य हजरत मुहम्मद (स.) यांनी कसे उघडे पाडले, हा प्रसंग आपल्या प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. पुसलेली नळी हे तेच ओले धान्य आहे. घेणाऱ्यानेही पुढचा ब्रेक दाबून शॉकअप दहा-बारा वेळा दाबावा आणि नळीवर बोट फिरवावे. तेलाचे कडे उमटले तर सील गेले समजावे आणि भाव त्या हिशेबाने ठरवावा.

गिअरच्या सायकली विकणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. स्वस्त सायकलीच्या शॉकअपमध्ये बहुधा तेल नसते, फक्त स्प्रिंग आणि ग्रीस असते. तिथे सील गळत नाही, तर माती शिरून शॉकअप जाम होतो. तो खोलून, साफ करून नवे ग्रीस लावले की पुन्हा चालतो. महाग सायकलीच्या नळ्या ॲल्युमिनियमच्या असतात. त्यांच्यावरचा रंगीत थर फार पातळ असतो, तो पॉलिश पेपरने निघून जातो. तेव्हा अशी नळी हातात आली तर आधी चुंबक लावून पाहा. चुंबक धरले नाही तर पेपर बाजूला ठेवा.