तीन जाती ठेवल्या, बाकीच्या गेल्या

ब्रिटनमध्ये १९५४ साली मांसावरचं रेशनिंग उठलं आणि पुढच्याच वर्षी डुक्करपालनावरच्या हॉविट समितीचा अहवाल आला. डेन्मार्कच्या बेकनपुढे टिकायचं, तर डुकरांच्या डझनभर जाती सांभाळणं परवडणार नाही. लार्ज व्हाइट, लँडरेस आणि वेल्श या तिन्हींवरच भर द्या, असा त्याचा सूर होता. कारखान्याला लांब पाठीची, कमी चरबीची, एकसारखी जनावरं हवी होती. त्या काळापुरता हा हिशेब बरोबरच होता, पण त्याची किंमत फार मोठी निघाली.

१९६० पर्यंत कंबरलंड जात संपली. लिंकनशायर कर्ली कोट ही मेंढीसारख्या कुरळ्या केसांची, दलदलीच्या थंड मुलखात निभावणारी जात सत्तरीच्या सुरुवातीला नाहीशी झाली. डॉर्सेट गोल्ड टिपही गेली. या डुकरांच्या रक्तात काय होतं, हे तपासायची साधनं आली तेव्हा तपासायला डुकरंच उरली नव्हती. मला सर्वांत जास्त सलतं ते हेच.

कारण जिंकलेली लार्ज व्हाइट स्वतः मिश्र रक्ताची आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रजांनी चिनी डुकरं आणून गावठी डुकरांशी त्यांचा संकर केला. ती लवकर वाढत आणि एका वेतात जास्त पिल्लं देत. २०१४ मध्ये संशोधकांना लार्ज व्हाइटमध्ये एएचआर जनुकाचं चिनी रूप सापडलं, तेही जास्त पिल्लांशी निगडित. म्हणजे आजच्या व्यापारी जातीचं बळ दोनशे वर्षांपूर्वीच्या परक्या गावरान रक्तातून आलेलं आहे.

१९७३ मध्ये ब्रिटनमध्ये दुर्मीळ जाती वाचवणारा ट्रस्ट उभा राहिला. त्यानंतर तिथली एकही देशी जात नामशेष झालेली नाही, पण काहींची संख्या अजून काळजी वाटावी इतकी कमी आहे.

आपल्याकडेही सरकारी फार्मांनी यॉर्कशायर, म्हणजे हीच लार्ज व्हाइट, गावोगावी पोचवली. देशी डुकरांची जात म्हणून अधिकृत नोंद खूप उशिरा सुरू झाली. पहिला मान उत्तर बंगालच्या घुंगरूला मिळाला, पुढे गोव्याच्या आगोंदा गोवनलाही. घुंगरू राजबंशी कुटुंबांनी परसात जपली होती, म्हणूनच गुवाहाटीजवळच्या राणी इथल्या संशोधन केंद्राला हॅम्पशायरशी तिचा संकर करून ‘राणी’ हा वाण काढता आला. असे संकर पुढेही हवे असतील, तर शुद्ध घुंगरू पाळणाऱ्या घरांना सरकारने थेट पैसे द्यावेत.