मालवणचा समुद्र: पाण्याखालचा आणि ताटातला

मालवणच्या जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे सुटलेली होडी थोड्याच वेळात पलीकडे लागते. तेवढ्या वेळात सगळ्यांच्या नजरा तटबंदीवर खिळलेल्या असतात, आणि ते साहजिकच आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी या किल्ल्याचा पाया घातला, तीन वर्षांत तो उभा राहिला, आणि २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत सिंधुदुर्गही आहे. पण होडीच्या खालून जे सरकत जातं, तेही तितकंच मोलाचं आहे. किल्ला ज्या खडकांवर उभा आहे ते खडक पाण्याखाली दूरवर पसरलेले आहेत आणि त्यांच्या अंगाखांद्यावर प्रवाळ वाढलेलं आहे. मालवणात माणूस मासे खायला येतो आणि मासे पाहायलाही येतो. या दोन्ही गोष्टींचं मूळ याच खडकांत आहे.

किल्ला, शेजारचा पद्मगड आणि आसपासचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यातला तीन चौरस किलोमीटरच्या आसपासचा भाग हा गाभा. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी या अभयारण्याला तेव्हापासून विरोध केला. आपली होडी बंद होणार, जाळं टाकायची जागा जाणार, ही भीती त्यामागे होती आणि ती निराधार म्हणता येणार नाही, कारण अभयारण्य जाहीर करताना त्या पाण्यावर पोट असलेल्यांना विश्वासात घेण्याचं काम मागे राहिलं होतं. त्यामुळे झालं असं की देशातल्या मोजक्या सागरी अभयारण्यांपैकी एक मालवणात आहे, पण गावात कुणाला विचारलं तर त्याची हद्द कुठून कुठपर्यंत हे चटकन सांगता येत नाही.

प्रवाळ हा दगड नाही, झाडही नाही. तो प्राणी आहे. अगदी बारीक, एकमेकांना चिकटून राहणारे हे जीव स्वतःभोवती चुन्याचा सांगाडा बांधतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं, ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. म्हणून प्रवाळाला उजेड लागतो. कोकणात मात्र पावसाळ्याचे चार महिने नद्या लाल माती समुद्रात ओततात आणि पाणी गढूळ होतं. अशा पाण्यातही इथलं प्रवाळ तगून राहिलं आहे, हे विशेष. त्यात नाजूक फांद्यांचे प्रकार कमी, खडकाला धरून पसरणारे, ढेकळांसारखे दिसणारे प्रकार जास्त. लक्षद्वीपची छायाचित्रं डोळ्यांसमोर ठेवून आलेल्या माणसाला पहिल्यांदा थोडा हिरमोड वाटू शकतो. पाण्यात चेहरा बुडवून पाच मिनिटं शांत राहिलं, की मग मासे दिसू लागतात: काळ्यापिवळ्या पट्ट्यांचे घोळके, खडकाच्या कपारीतून फक्त तोंड बाहेर काढून बसलेला गोबरा, तळाशी वाळूवर पसरलेली एखादी वागळी.

हा गोबरा आणि तांबोशी संध्याकाळी बाजारात दिसतात. शेवंड याच कपारीत दडून राहते, कालवं याच खडकांना चिकटलेली असतात. प्रवाळाचा खडक मेला की आसरा जातो, आणि आसरा गेला की मासाही जातो. समुद्राचं तापमान वाढलं की प्रवाळ आपल्यातलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं; मालवणच्या पाण्यात अशी पांढरी पडलेली प्रवाळं अभ्यासकांनी नोंदवली आहेत. तापमान एका गावाच्या हातात नाही. पण होडीचा नांगर कुठे टाकायचा, हे आहे. वर्षानुवर्षं वाढलेला प्रवाळाचा गोळा एका नांगराने फुटतो. पर्यटकांना मासे जवळून दिसावेत म्हणून पाण्यात पाव आणि बिस्किटं टाकण्याची पद्धतही काही ठिकाणी पडली आहे. पावाला सोकावलेले मोजकेच मासे तिथे गर्दी करतात आणि खडकावरचं शैवाल खाण्याचं त्यांचं काम मागे पडतं. ‘पाव टाकू नका’ असं पर्यटकाने सांगितलं तर होडीवाला ऐकतो, कारण गिऱ्हाईक खूश राहावं हाच त्याचा हेतू असतो.

ज्यांना नीट शिकून पाण्यात उतरायचं आहे त्यांच्यासाठी तारकर्लीला राज्य पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. स्वच्छ पाण्याचे महिने साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

तारकर्लीच्या पुढे देवबाग. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मधे माडांनी भरलेली जमिनीची चिंचोळी पट्टी. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे सकाळी डॉल्फिन दिसतात. कोकणातले मच्छीमार त्यांना गादे म्हणतात. हे कुबडाचे डॉल्फिन उथळ पाण्यात, किनाऱ्याला धरून आणि खाड्यांच्या मुखाशी राहतात, त्यामुळे ते सहज दिसतात. त्याच कारणाने ते संकटातही सापडतात. माणसाची जाळी, होड्या, सांडपाणी हे सगळं त्यांच्याच पट्ट्यात आहे, आणि जगभरच्या यादीत ही जात आज धोक्यात आलेली म्हणून नोंदलेली आहे. गादे जाळ्यातले मासे खातात, जाळी फाडतात, ही मच्छीमारांची तक्रार खरी आहे. दोघेही एकाच मासळीवर जगतात. पर्यटकांच्या होड्यांचं मात्र तसं नाही. चार-पाच होड्यांनी एका कळपाला घेरून इंजिनं घरघरवत ठेवण्याची काहीच गरज नाही. इंजिन बंद करून थांबलं तर बऱ्याचदा कळप आपणहून जवळून जातो, आणि त्यांचा श्वास सोडल्याचा फुस्स आवाजही ऐकू येतो.

याहून मोठे प्राणीही या समुद्रात आहेत. २०१५ मध्ये सिंधुदुर्गच्या समुद्रात निळा देवमासा आणि त्याचं पिल्लू अभ्यासकांना दिसलं. पृथ्वीवरचा हा सगळ्यात मोठा प्राणी महाराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ दिसल्याची नोंद कित्येक दशकांत नव्हती.

हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री वाळूवर चढतात, मागच्या पायांनी खड्डा करतात, शंभरच्या आसपास अंडी घालतात, वाळू सारखी करतात आणि परत फिरतात. पूर्वी ही अंडी सर्रास खणून खाल्ली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला गावकऱ्यांना हाताशी धरून घरटी राखायला सुरुवात केली आणि ते काम कोकणभर पसरलं. आज सिंधुदुर्गातही वायंगणी, तांबळडेग यांसारख्या किनाऱ्यांवर गावातली माणसंच पहाटे वाळूवरचे माग काढत फिरतात. साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. २०२२ मध्ये देवबागला हिरव्या कासवाची पिल्लं निघाली, ही महाराष्ट्रासाठी फार दुर्मीळ गोष्ट. आणि २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर ओडिशात लावलेला बिल्ला सापडला. पूर्व किनाऱ्यावर विणीला आलेली मादी देशाला वळसा घालून पश्चिम किनाऱ्यावरही विणीला येते, हे त्या बिल्ल्याने दाखवलं.

जिवंत समुद्र पाहायचा तर मालवणात सगळ्यात चांगली संधी म्हणजे रापण. त्यासाठी तिकीट लागत नाही. दांडी, वायरी, तारकर्ली या किनाऱ्यांवर सकाळी लवकर गेलं आणि नशिबाने साथ दिली तर ती पाहायला मिळते. होडीतून लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोल सोडतात आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणतात. मग दोन रांगांत माणसं दोर धरतात आणि मागे रेलून, टाचा वाळूत रोवून, एक-एक पाऊल मागे सरकत ओढत राहतात. शेवटच्या माणसाने दोर सोडायचा आणि पुढे पाण्याजवळ जाऊन पुन्हा धरायचा. तासभर, कधी त्याहून जास्त वेळ हे चालतं. रांगा हळूहळू जवळ येतात, जाळ्याचा घेर लहान होतो, वर घारी आणि बगळे जमतात. शेवटी जाळ्याची पिशवी वाळूवर येते आणि बांगडे, पेडवे, तारली उन्हात चमकू लागतात. त्यांत कधी छोटी वागळी असते, कधी जेलीफिश, कधी समुद्री साप. हे साप अतिशय विषारी, पण रापणकर न घाबरता काठीने उचलून त्यांना पाण्यात परत सोडतात. मग मासळीचे वाटे पडतात: जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. मासे थोडे मिळाले तर सगळ्यांनाच थोडे, ही या पद्धतीची जुनी रीत. तिच्यात जो न्याय आहे तो मुद्दाम पाहण्यासारखा आहे.

रापणीला अलीकडे वाईट दिवस आले आहेत. पर्ससीन जाळं खोल पाण्यात माशांच्या अख्ख्या थव्याभोवती टाकतात आणि बटव्याची नाडी ओढावी तसा त्याचा तळ आवळून घेतात. थवाच्या थवा वर येतो. बांगडा आणि तारली किनाऱ्याकडे येण्याआधीच उचलली गेली तर रापणीत काय येणार? यावरून मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली, समुद्रात संघर्षही झाले. राज्य सरकारने २०१६ मध्ये पर्ससीनवर मर्यादा घातल्या. प्रखर दिवे लावून मासळी गोळा करणाऱ्या एलईडी मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. नियम झाले, पण रात्री खोल समुद्रात ते पाळले जातात की नाही हे पाहणाऱ्या नौका पुरेशा नाहीत, ही तक्रार आजही ऐकू येते आणि ती गांभीर्याने घ्यायला हवी.

संध्याकाळी मासळी बाजारात पाट्या लागतात. बाई बांगड्याचा कल्ला अंगठ्याने वर करून दाखवते: आत लालभडक असेल, डोळा फुगीर आणि स्वच्छ असेल, अंग दाबल्यावर बोटाचा खळगा भरून येत असेल, तर मासा ताजा. पापलेट आणि सुरमईपुढे सगळ्यात मोठी गर्दी असते, कारण बाहेरगावच्या माणसाला तीच नावं ठाऊक असतात. मुंबईपासून गोव्यापर्यंत सगळी हॉटेलं याच दोन-तीन माशांवर अवलंबून राहिली, म्हणून त्यांचे भाव चढले आणि बारीक पिल्लंही पकडली जाऊ लागली. २०२३ मध्ये राज्याने पापलेटला राज्यमासा घोषित केलं, आणि किती लांबीच्या आतला मासा पकडू नये याचे नियम ५४ जातींना लावले. ताटातली सुरमईची तुकडी तळहातापेक्षा फारच लहान आणि गोल दिसली, तर तो मासा विणीआधीच पकडलेला असण्याची शक्यता मोठी.

त्यापेक्षा खानावळीत शिरल्यावर ‘आज काय आलंय?’ असं विचारावं. मुडदुशे आले असतील तर ते घ्यावेत: पांढरं, मऊ, गोडसर मांस. पेडव्यांचं तिखलं घ्यावं. बांगडा असेल तर तिरफळं घातलेल्या कालवणाचा आग्रह धरावा. तिरफळाचा तो किंचित झिणझिणणारा, लिंबाच्या सालीसारखा वास बांगड्याच्या तेलकटपणाला बरोबर तोडतो. ओल्या खोबऱ्याचं वाटप, लाल मिरची, धणे आणि आंबटपणाला कोकमाची सोलं, यावर मालवणी कालवण उभं राहतं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, आणि नारळाच्या दुधात कोकमाचं आगळ घालून केलेली सोलकढी इथे कुठल्याही खानावळीत पाण्याच्या बरोबरीने येते. खाडीतल्या तिसऱ्या सुक्या खोबऱ्यात केल्या तर भाकरीबरोबर त्यांना तोड नाही.

एका पदार्थाबद्दल मात्र विचार करायला हवा: मोरी. मोरी म्हणजे लहान शार्क. तिचं मालवणी मटणासारखं कालवण करतात आणि गावातल्या घरांत ते आवडीने खाल्लं जातं. पण शार्क बांगड्यासारखी हजारो अंडी घालत नाही. ती उशिरा वयात येते आणि थोडीच पिल्लं देते. मालवणच्या बंदरावर उतरणाऱ्या शार्क आणि वागळ्यांचा अभ्यास झाला, त्यात पिल्लांचं आणि लहान वयाच्या माशांचं प्रमाण लक्षणीय आढळलं. याचा अर्थ हा उथळ समुद्र त्यांच्या बाळपणाची जागा आहे. जाळ्यात आपोआप आलेली मोरी मच्छीमार फेकून देणार नाही, आणि ज्यांच्या घरात ती पिढ्यानपिढ्या शिजते त्यांना ती सोडा म्हणण्यात अर्थ नाही. पण केवळ अनुभव म्हणून मागवायला येणाऱ्यांची मागणी वाढली, तर तिच्यासाठीच जाळी टाकली जातील.

मालवणला जायचं तर कोकण रेल्वेने कुडाळला उतरावं. तिथून एसटीने तासाभराचा रस्ता. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत किल्ल्याच्या होड्या आणि जलक्रीडा बंद असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारीही बंद, कारण हा कित्येक माशांच्या विणीचा काळ. या दिवसांत कुणी ताजी सुरमई दिली तर ती बर्फातली किंवा लांबून आलेली असणार. घराघरांत तेव्हा मे महिन्यात वाळवलेले बांगडे, गोलमो आणि सुकट निघतात, आणि खाडीतल्या कुर्ल्या मिळतात. नारळी पौर्णिमेला बंदरावर समुद्राला नारळ वाहिला जातो, नारळ लढवायच्या स्पर्धा लागतात, आणि ओढून ठेवलेल्या होड्या पुन्हा पाण्यात लोटल्या जातात. पहिल्या रापणी त्यानंतर लागतात.