त्या हत्तीला पुन्हा हात लावू या!

हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट तुम्हीही शाळेत ऐकली असेल. एकाच्या हाताला पाय लागतो, तो म्हणतो खांब. दुसऱ्याच्या हाताला कान, तो म्हणतो सूप. तिसरा शेपूट धरून ‘दोरी, दोरी’ करत बसतो आणि आपण डोळस मंडळी बाकावर बसून फिदीफिदी हसतो. मला या गोष्टीचा भयंकर राग आहे. अहो, जन्मभर हातांनी जग ओळखणारा माणूस एक पाय चाचपून थांबेल कशाला? तो दुसरा पाय शोधेल, पोटाखालून हात फिरवेल, चक्कर मारेल, माहुताला दहा प्रश्न विचारेल. एका जागी उभं राहून, एकदाच बघून ‘कळलं’ म्हणायची सवय आपली, डोळेवाल्यांची!

फरक आहेच. डोळा अख्खा हत्ती एका दमात घेतो, हात तो तुकड्यातुकड्यांनी घेतो. पण तुकडे जोडण्याचं काम डोळाही करत नाही आणि बोटही नाही. ते मेंदूचं काम.

याचा जिवंत पुरावा म्हणजे तुर्कस्तानचा एश्रेफ अर्माआन. जन्म १९५३ चा, इस्तंबूलमधला, आणि जन्मापासून दृष्टी नाही. आर्ट स्कूलची पायरीही चढलेला नाही. तरी हा माणूस घरं, होड्या, डोंगर रंगवतो; सावल्या टाकतो, लांबची वस्तू लहान काढतो. आधी टोकदार सळईने कागदावर रेघा उमटवायच्या, दुसऱ्या हाताने त्या तपासत जायचं, मग बोटांनी रंग भरायचा. एक रंग वाळला की मगच दुसरा. टोरांटो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन केनेडी यांनी त्याच्या चित्रांचा अभ्यास केला. अमीर अमेदी आणि अल्वारो पास्कुअल-लिओनी या संशोधकांनी तर चित्र काढताना त्याचा मेंदूच स्कॅन केला. २००८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूचा जो मागचा भाग आपण बघण्यासाठी वापरतो, तोच भाग चित्र काढताना त्याच्या डोक्यात कामाला लागला होता. आता बोला!

पण ‘लांबचं लहान दिसतं’ हे न बघता कळणार कसं? एक सोपा प्रयोग करा. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या लांबलचक व्हरांड्यात मधोमध उभे राहा आणि डोळे मिटा. अगदी शेजारच्या दोन्ही भिंतींकडे बोट दाखवा. हात दोन्ही बाजूंना फाकले ना? आता त्याच भिंतींच्या पार पलीकडच्या टोकांकडे बोट दाखवा. हात जवळजवळ एकमेकांना चिकटले. झालं तुमचं पर्स्पेक्टिव्ह, एकही डोळा न उघडता! केनेडींचं म्हणणं साधारण हेच. दिशा आणि अंतर ही काही डोळ्यांची प्रायव्हेट प्रॉपर्टी नाही.

ज्यांची दृष्टी नंतर जाते त्यांची तऱ्हा वेगळी. त्यांच्याकडे रंगांची शिल्लक असते. शांतिनिकेतनचे बिनोदबिहारी मुखर्जी यांची नजर आधीपासूनच अधू होती, १९५७ मध्ये ऑपरेशननंतर ती पूर्ण गेली. तरी ते कागद कापून कोलाज करत राहिले आणि १९७२ मध्ये त्यांनी कलाभवनाच्या भिंतीवर टाइल्सचं मोठं म्युरल उभं केलं. त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी त्याच वर्षी त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा माहितीपट काढला.

हे वाचताना मला राहून राहून औशाकडची माझी आजी आठवत होती. काचबिंदूने तिचे दोन्ही डोळे गेले, पण वाकळ शिवणं सुटलं नाही. सुईच्या नेढ्यात दोरा ओवून देणं एवढंच माझं काम. आजोबांचं धोतर, आत्याचं लुगडं, माझा शाळेचा शर्ट, सगळं ती बोटांनी ओळखायची. रंग कोणता ते कापडावरून आठवायचा. हिरव्याला लागून हिरवं येऊ द्यायची नाही. घरात कुणीही त्याला ‘कला’ म्हटलं नाही. म्हातारीचा वेळ जातो, म्हणायचे. ती वाकळ आज माझ्या पुण्याच्या फ्लॅटवर आहे आणि येणारा प्रत्येक जण विचारतो, कुठून घेतली?

मुंबईत पार्थो भौमिक यांनी २००६ पासून अंध मुलांच्या हाती चक्क कॅमेरा दिला. ‘ब्लाइंड विथ कॅमेरा’ हे त्या उपक्रमाचं नाव. ऊन चेहऱ्याच्या कोणत्या बाजूला लागतंय त्यावरून उजेड, समोरच्याच्या आवाजावरून अंतर. प्रदर्शनात उठावाची छायाचित्रंही ठेवली, म्हणजे काढणाऱ्यालाही आपला फोटो हाताने वाचता यावा.

आणि याची दुसरी बाजू बघा. प्राध्यापक पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’मध्ये जन्मापासून न दिसणाऱ्या मुलांवर शस्त्रक्रिया होतात. त्यातल्या ८ ते १७ वयाच्या ५ मुलांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. डोळे आले, पण हाताने नुकतीच चाचपलेली वस्तू नुसतं बघून ओळखता येईना. काही दिवसांतच मात्र जमू लागलं. थोडक्यात, बघणंसुद्धा शिकावं लागतं. मग चित्र काढणं का नाही?

इथे आपल्या नांदेड-लातूरकडे वळू. आपल्याकडे मार्क हा दैवताचा प्रकार. ‘लातूर पॅटर्न’ची कीर्ती राज्यभर. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत आकृत्या, नकाशे काढण्यात सवलत मिळते. ती हवीच, त्यावर वाद नाही. पण ‘परीक्षेत नाही’ म्हणजे ‘गरजच नाही’ असा सोयीस्कर अर्थ आपण काढतो. मूल अंध म्हटलं की पेटी-तबला ठरलेला. गळा बरा असो वा नसो! एलिमेंटरी-इंटरमिजिएटला सगळा वर्ग रंगपेट्या घेऊन निघतो, तेव्हा या मुलाने काय करायचं, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. २००८ पासून ‘स्पर्शज्ञान’मुळे मराठीत ब्रेल पाक्षिक आलं, शब्द हाती आले. रेषा मात्र अजून यायच्यात.

आणि खर्च म्हणाल तर पिझ्झापेक्षा कमी. एक रबरी मॅट, जुना माऊस पॅडही चालेल. त्यावर पातळ प्लास्टिकचा कागद ताणून बसवा. बॉलपेनने जरा दाबून रेघ ओढली की प्लास्टिकवर तिचा उठाव येतो आणि काढता काढताच दुसऱ्या हाताला लागतो. माझ्या पहिल्या दोन शीट फाटल्या, तेव्हा प्लास्टिक फार पातळ घेऊ नका. सुरुवातीला चमचा, किल्ली, कंगवा अशा मुठीत मावणाऱ्या वस्तू ठेवून कडेने पेन फिरवू द्या. ओळीने चार-पाच झाल्या की वस्तू बाजूला काढा. आणि ‘हे काय काढलंस?’ असं लगेच विचारू नका. हात फिरून होऊ द्या.